सदतीसभाऊ

कामावर आल्यावर माणसं आधी एकमेकांना नमस्कार करतात. आमचे भाऊ आधी इनक्युबेटरच्या दाराला हात लावायचे. पालथा हात, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मग "सदतीस" असं स्वतःशीच पुटपुटायचे आणि त्यानंतर गळ्यातला दुपट्टा काढून खुंटीला अडकवायचे. त्या पेटीत आम्ही माणसाच्या पेशी वाढवायचो आणि पेशींना सदतीस अंशांच्या वर-खाली चालत नाही. म्हणून साऱ्या विभागाने त्यांचं नावच सदतीसभाऊ पाडलं होतं. खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

भाऊ आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत परिचर होते. रोज कळमेश्वरहून एसटीने यायचे आणि उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचे. पेशींच्या खोलीत कांदा आणायचा नाही, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावल्यावर तो कांदा दाराबाहेर, अग्निशामक नळकांड्याच्या डोक्यावर जाऊन बसला. भाऊ सरांना म्हणाले, "मी तं खिशात कांदा ठेवतो सर, ह्या पेशींनं कुठं ठेवावं?" सरांना हसू आवरलं नाही. मला तेव्हा तो नुसता विनोद वाटला.

मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. पेशीत आरएनए नावाचे निरोप फिरत असतात. कोणता निरोप वाचायचा, कोणता अडवून ठेवायचा, हे काही प्रथिनं त्या आरएनएला धरून ठरवतात. असलं एक प्रथिन जागं करणारं संयुग मी शोधत होते. प्रथिनाला आम्ही हिरवी चमक जोडली होती. ते जागं झालं की पेशीत हिरवे ठिपके उमटायचे. हे सगळं मी एकदा भाऊंना मोठ्या थाटात समजावलं. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे डाकिया झोपून राहिला, अन् तू त्याले उठवायची दवाई शोधून राहिली. सीधं सांग ना वं." पुढे माझ्या प्रबंधाची प्रस्तावना मी याच वाक्यावरून लिहिली, फक्त भाषा जड केली.

भाऊंची दुसरी सवय लिहायची. आमच्याकडे दोन इनक्युबेटर होते, एक नवा, एक जुना. जुन्याचा आकडा केव्हाच सदतीसवर अडकून पडला होता. तो बदलून मिळेपर्यंत भाऊंनी आत पाण्याच्या बाटलीत एक काचेचा थर्मामीटर ठेवला होता. सकाळ-दुपार तो बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहायचा, हा त्यांचा नेम. लोक त्या चौकटींत दुधाचे खाडे लिहितात, भाऊ आमच्या पेट्यांचा ताप लिहायचे. ते कॅलेंडर आमच्यापैकी कोणीही कधी वाचलं नाही. आम्ही त्यात फक्त सुट्ट्या बघायचो.

सोळा संयुगं झाली, पेशी ढिम्म हलल्या नाहीत. सतरावं मे महिन्यात टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या ठिपक्यांचा सडा पडला. मी अक्षरशः उडी मारली. पुन्हा केलं, पुन्हा ठिपके. तिसऱ्यांदाही तेच. सरांनी तर्री-पोहे मागवले, हैदराबादच्या परिषदेत माझं भाषण ठरलं आणि शोधनिबंध लिहून तयार झाला. शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष होतं. हा निबंध गेला की मी सुटले असते.

त्याच दिवसांत भाऊ दोनदा म्हणाले होते, "बाई, जुनी पेटी लय गरम होऊन राहिली." मी मान वर न करता म्हटलं, "भाऊ, आकडा सदतीस दाखवतोय." आकडा अडकलेला आहे हे मला माहीत होतं. पण आनंदात असलेल्या माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही.

जूनच्या शेवटी, पाऊस लागल्यावर, सवयीने आणखी एकदा प्रयोग केला. एकही ठिपका नाही. संयुग जुनं झालं म्हणून मी नवीन बाटली मागवली. तरीही नाही. सर म्हणाले, "तीनदा आलंय ना? पाठवून दे." मी रडकुंडीला येऊन स्टुलावर बसले होते. भाऊंनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, मेचं पान उलटून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "सतरा नंबर कोणत्या कोणत्या दिवशी टाकला होता, सांग बरं."

मी तारखा सांगितल्या, त्यांनी बोट ठेवलं. बेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. इनक्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. आणि जुनी पेटी पश्चिमेच्या भिंतीला चिकटून होती. माझं ते प्रथिन औषधाने नाही, नागपूरच्या उन्हाने जागं झालं होतं. पेशी भाजल्या की ते असंच ठिपके करून बसतं, हे कुठलंही पाठ्यपुस्तक सांगतं. मग औषध न घातलेल्या पेशींत ठिपके का नव्हते? कारण जुन्या पेटीत जागा नव्हती म्हणून त्या ताटल्या मी नव्या पेटीत ठेवल्या होत्या. इतकी बाळबोध चूक मी बीएस्सीच्या पोरांनाही माफ केली नसती.

"सरांना सांगितलं तर सगळं जाईल, भाऊ," मी म्हटलं.

"जाईन ना," भाऊ म्हणाले. "तुहं तू पाहा. मी कोणाले सांगत नाही. पण लिहेल हाय ते मले खोडता येत नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही आणि नवव्या दिवशी कॅलेंडर घेऊन सरांकडे गेले. हैदराबाद रद्द झालं, निबंध फाडला. वर्षभर घरून खर्च घेत मी उरलेली संयुगं तपासली, औषधाची आणि बिनऔषधाची ताटली एकाच पेटीत, शेजारी शेजारी. एकविसाव्या संयुगाने ठिपके दाखवले. सतराच्या मानाने मिणमिणते, पण थंडीतही तेवढेच आणि उन्हातही तेवढेच. भाऊंनी त्या दिवशी दोन्ही पेट्यांना हात लावला आणि म्हणाले, "आता बोल सरांले पोहे मांगवा म्हणून."

प्रबंध बांधून आला तोवर भाऊ निवृत्त झाले होते. मी तो घेऊन कळमेश्वरला गेले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. वहिनींनी पाणी दिलं तोच भाऊंनी विचारलं, "सतराचं लिहिलं का?"

"लिहिलं. सर नको म्हणत होते, तरी लिहिलं." मी पान उघडून दिलं. तिथे त्या मे महिन्याच्या पानाचा फोटो छापला होता.

"हे तं माहं अक्षर हाय!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की वहिनी आतून धावत आल्या. मग चष्मा लावून ते एकेक चौकट तपासत गेले आणि एका रिकाम्या चौकटीवर थांबले. "ह्या दिवशी मी साळ्याच्या पोरीच्या लग्नाले गेलो होतो. कोरीच ठेवली तू. काहून नाही भरली?"

"तुम्ही नव्हता ना बघायला."

त्यांनी प्रबंध मिटून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्यावरून पालथा हात फिरवत राहिले. पुढे मला अनेकांनी शाबासकी दिली, पण त्या हाताची सर कशालाच आली नाही.

आज माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, आकडे बरोबर दाखवणाऱ्या चांगल्या पेट्या आहेत. तरीही भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्यात रोज दोनदा मी माझ्या हाताने तापमान लिहिते. विद्यार्थी मागे हसतात, मला ठाऊक आहे. गेल्या मेमधली एक चौकट मात्र कोरी आहे. भाऊ गेले, त्या दिवशी मी कळमेश्वरला होते. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, यंत्रात नोंद आहे कालची, भरून टाकू?"

म्हटलं, "नको. काल बघायला मी नव्हते."