भिंतीच्या रंगाचं खोकं

दिवाळीच्या सुट्टीनंतर कापडाच्या मिल सुरू झाल्या, त्या आठवड्यात एका संध्याकाळी बमरोलीत रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोने माझ्या मोठ्या बहिणीचं पत्र्याचं खोकं मिलच्या भिंतीला दाबलं. ती आत शिलाई मशीनवर बसली होती. तिचा उजवा पंजा मशीन आणि वाकलेल्या पत्र्याच्या मध्ये सापडला. खोकं भिंतीच्या रंगाचं होतं. तो रंग मी निवडला होता.

खोकं विटांवर उभं होतं. आत एक माणूस आणि एक मशीन, एवढीच जागा. ताई तिथे साडीला फॉल लावायची, पिको करायची, ब्लाउज उसवून ढिले करायची. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे काम घेऊन कोणी चढत नाही. मिलमध्ये घडी-पॅकिंगला येणाऱ्या बायका सकाळी जाताना पिशवी खोक्यात टाकत आणि सुटल्यावर घेऊन जात. ती जागा गेली तर तिचं काम जाणार होतं.

जागा तिची नव्हती. अतिक्रमण हटवणारी गाडी, तिकडे सगळे तिला गुजराती शब्दाने दबाणची गाडी म्हणतात, याआधी तिचं खोकं उचलून घेऊन गेली होती. नवं खोकं केलं तेव्हा त्याला निळा रंग होता. रस्त्याच्या वळणावरून मी पाहिलं तर मळकट भिंतीपुढे ते एकटंच उठून दिसत होतं. गाडीतली माणसं खाली उतरून शोधत बसत नाहीत. जे नजरेत येतं ते उचलतात. मी ताईला म्हणालो की खोकं भिंतीत मिसळलं पाहिजे.

ताईचे यजमान, माझे दाजी, डाइंग मिलमध्ये शेड मॅचिंगला आहेत. त्यांनी भिंतीचा एक पापुद्रा काढून रंगाच्या दुकानात नेला. दुकानदाराने दिलेला रंग स्वच्छ क्रीम होता. भिंत तशी नव्हती. खाली गटाराच्या ओलीमुळे ती काळपट हिरवी होती, मध्ये चुना पिवळा पडला होता आणि वर धुराने राखाडी झाली होती. मी रविवारी समोरच्या फुटपाथवर बसून हे पट्टे कुठे सुरू होतात, कुठे संपतात ते पाहत होतो.

"इतलं बारीक काय देखी ऱ्हायना, भाऊ? नवरी देखाले उना का?" ताईने विचारलं.

"नवरीला एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं," दाजी म्हणाले. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ते रंगाचा डबा ढवळायला लागले.

त्यांनी क्रीममध्ये पिवडी आणि काजळी घातली. चमक मरावी म्हणून टर्पेंटाइन जास्त टाकलं. तिन्ही पट्टे भिंतीवरून सरळ खोक्यावर ओढून घेतले. पत्र्याच्या कडा सरळ दिसत होत्या, त्यांच्यावरून चिंधी फिरवून त्या पुसट केल्या. मिलमध्ये शेड तपासताना तुकडा कापडावर ठेवतात आणि मान वळवून एकदम पाहतात. नजर तुकड्यावर अडली नाही तर शेड पास. दाजींनी इथेही तेच केलं. सायकलवरून दोनदा गेले आणि परत आले.

"एका जागी अडते," ते म्हणाले.

खोक्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावर लाल रेडियमची पट्टी होती. गाड्यांच्या मागे लावतात तसली. ताईनेच ती लावली होती.

"ऱ्हाऊ दे ना ती. संध्याकाळले टेम्पो वळतस आठे," ती म्हणाली.

मी म्हणालो की दबाणच्या गाडीवाल्यांना सगळ्यात आधी पट्टीच दिसेल. गाडी नेहमी दुपारच्या आत येते, म्हणून आम्ही रंगही दिवसाच्याच उजेडात जुळवला होता. संध्याकाळचा विचार तिने केला. मी केला नाही. पट्टी मी सुरीने खरवडून काढली आणि तिथे राखाडी हात मारला. दाजी पुन्हा सायकलवरून गेले. "पास," म्हणाले.

दबाणची गाडी त्यानंतर आली आणि न थांबता पुढे गेली. ताईने मला फोन करून सांगितलं. ती हसत होती. दाजींनी मिलमधल्या लोकांना रंग दाखवायला आणलं. मीही ऑफिसात दोघांना ही गोष्ट सांगितली.

अपघाताच्या संध्याकाळी टेम्पोत न रंगवलेल्या कापडाचे ताके होते. चालक विदर्भातला, वयाने तिशीतला. त्यानेच पत्रा वाकवून ताईला बाहेर काढलं आणि रिक्षा आणली. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात आला आणि वॉर्डच्या दाराशी उभा राहिला.

"मले तं निरी भिंतच दिसली वो, ताई," तो म्हणाला.

दाजी उठले. "डोळे घरी ठेवून गाडी चालवतो का तू?"

माझ्या हातात ताईच्या जेवणाचा डबा होता. पट्टीबद्दल मला तेव्हा बोलता आलं असतं. मी डब्याचं झाकण उघडलं.

"भितच दिसाले पाहिजे, म्हनीसन त रंगाडं व्हतं," ताई दाजींना म्हणाली. "त्याले कसाले बोलतस?"

दाजी बसले. चालक निघून गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही.

संध्याकाळी दाजी चहा आणायला गेले, तेव्हा मी ताईला म्हणालो की पट्टी काढायला नको होती.

"तू काढी, मी काढू दिधी," ती म्हणाली. "आते घास दे. डावा हातवर जेवता येत नही."

मी तिला भरवलं. तिने पट्टीचा विषय पुन्हा काढला नाही. पोलिसांत तक्रार करायलाही तिने नकार दिला.

त्याच आठवड्यात मी टेम्पोच्या मालकाला भेटलो आणि चालकाला खोकं दिसणं शक्य नव्हतं, असं सांगितलं. रंगाचं सांगितलं, पट्टीचंही सांगितलं. मालकाने ऐकून घेतलं. "भाई, आ बधुं पहेलां केहवुं हतुं ने," तो गुजरातीत म्हणाला. हे आधी सांगायचं होतं. त्याने टेम्पोवर आधीच दुसरा माणूस घेतला होता. चालकाचा नंबर त्याने दिला. तो तेव्हापासून बंद लागतो.

चेपलेलं खोकं आता भिंतीपासून वेगळं दिसत होतं. पुढच्या फेरीला दबाणची गाडी थांबली आणि ते उचलून घेऊन गेली. मशीन दाजींनी त्याआधीच घरी आणलं होतं. पॅकिंगच्या बायकांपैकी दोघी अजून तिसऱ्या मजल्यावर चढून येतात. ताईचं प्लॅस्टर निघालं आहे. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकतात, पण त्यांच्यात सुई राहत नाही. दोघींचे ब्लाउज सध्या दाजी मिलमधून आल्यावर उसवून देतात.