पाण्याची उघडी रेघ

“तुमच्या दारचें पाणी कोठें जातें?”

कुणाकडेही गेले की मामा आधी हेच विचारायचे. खुशालीच्या चौकशीची वाट पाहणारे तुम्ही-मी गोंधळून जाऊ, पण कुंभकोणमच्या आमच्या गल्लीला त्याची सवय होती. माझे वडील शिलाईचे मशीन न थांबवता म्हणायचे, “तुमच्याच दारीं येतें हो!”

मामा नगरपालिकेत नकाशे काढायचे. गल्लीतल्या साऱ्या मराठी पोरांचे ते मामा. आमच्या शिंप्याच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. मामांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. पण लिहावेसे वाटते.

झाडूवाल्यांसाठी घरे बांधायचे ठरले तेव्हा अरसलार नदीकाठची सखल जागा सुचवली गेली. ती बुडणार, हे मामा जाणून होते. कोण कुठे कामाला जाते, पाणी कुठे साचते, गोड्या विहिरी कुठे आहेत, हे सारे त्यांनी एका नकाशावर आणले. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणाले, “कागदावर रंग कुणीही भरतो.”

मग मामांनी नकाशा जमिनीवर उतरवला. झाडूवाल्या बायकांना म्हणाले, “अम्मा, मी चुकलो असेन. गाव रोज तुम्ही झाडता. दारात रांगोळीचे कोलम घालता तसे पिठाने गाव काढा.”

ठिपके पडले, गल्ल्या उमटल्या. पाणी साचते तिथे काव. नदीकाठ तांबडालाल झाला. घोटाळा एकच: गटाराची रेघ त्या वळवून पुन्हा सुरुवातीलाच आणून मिळवायच्या.

“अम्मा, घाण गावातच फिरवता काय?”

म्हातारी वळ्ळी फणकारली, “अहो अय्या, कोलमची रेघ उघडी ठेवली तर लक्ष्मी निघून जाईल!”

“इथून घाणच जाते. केळीच्या बागेत गेली की लक्ष्मी होऊन येते.”

बायका हसल्या. वळ्ळीने पदर खोचला आणि उत्तरेच्या उंचवट्यापासून खालच्या केळीच्या बागेपर्यंत रेघ सरळ ओढून उघडी सोडली.

अध्यक्ष पाहायला आले ते नेमके कावेवर उभे राहिले. वळ्ळी म्हणाली, “अहो अय्या, ऐप्पसी महिन्याच्या पावसात तिथे कमरेपर्यंत भिजाल!” ते चटकन मागे सरले, स्वतःही हसले. घरे उंचवट्यावर झाली. अध्यक्ष मागे सरले त्या दिवशी मामांबरोबर गल्लीतून चालताना माझी मान उगीचच ताठ होती.

घरे पुरी झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात मामा वारले. त्यानंतरच्या ऐप्पसीत नदी चढली, आमच्या गल्लीत पाणी शिरले. मशीन डोक्यावर घेऊन आम्ही उंचवट्यावर गेलो. त्या वस्तीत कधी पाऊल न टाकलेले आमच्यातले लोकही आले. वळ्ळीने ओटा पुसला, आणि संकोचत वडिलांपुढे कॉफीचा पेला धरला.

“तुमच्या माणसाने पाहून दिलेली जागा,” ती म्हणाली.

 वडिलांनी दोन्ही हातांनी पेला घेतला.

“आपल्या माणसाने,” ते म्हणाले, आणि कॉफी प्यायले.