चाचांचं मिठाचं पाणी

मटणाच्या दुकानात सगळीकडे विचारतात, किती देऊ? आमचे चाचा विचारायचे, "खानार कोन हाय?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचा सुरा हलायचा नाही, मग रांग रस्त्यावर का जाईना. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "मानसंच खानार की." चाचा शांतपणे म्हणाले, "तेच इचारतोय. पोरं हायत का पैलवान?"

आई गेली आणि या चौकशीला तोंड द्यायची पाळी माझ्यावर आली. चाळीस वर्षं मी नुसता जेवलो होतो. "मी आन् बाबा," मी म्हणालो. चाचांनी लगेच बाबांच्या दातांचं विचारलं. कवळी आहे, पण डबीतच असते, एवढं मी सांगितलं. खरं दुखणं मात्र सांगवेना. आई गेल्यापासून बाबा रविवारी नुसत्या रस्सा-भातावर उठायचे. फोडी माझ्या ताटात सरकवायचे आणि म्हणायचे, "माझं मटण संपलं." त्यांना एक तरी फोड खाताना मला बघायचं होतं.

म्हणून मोबाइलवर बघितलेली युक्ती मी चाचांच्या कानावर घातली. शिजवण्याआधी मटण चार तास मिठाच्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं, की ते मऊ होतं म्हणे. उभा जन्म मटण तोडण्यात घालवलेला माणूस मला हसणार, ही माझी खात्री होती. चाचांनी सुरा खाली ठेवला. "मीठ किती? पानी गार का कोमट? आन् हाडाच्या बाजूनंबी आत जातंय व्हय?" मिठाचं माप तेवढं मला ठाऊक होतं, ते सांगितलं. "मग बघूया की करून," म्हणत त्यांनी मला दिल्या तसल्याच फोडी स्वतःच्या घरासाठी काढून ठेवल्या.

चार तासांनी माझ्या भांड्यातलं पाणी गुलाबी झालं. ते फेकून द्यायचं होतं, तसं व्हिडिओत स्पष्ट सांगितलं होतं. पण आमच्याकडे मटणाचं पाणी मोरीत जात नाही. बिनमिठाचं मटण शिजलं की त्याचं अळणी पाणी आधी आजाऱ्याला, पोरांना, आणि उरलेल्याचा रस्सा. आईनं त्यातला थेंब कधी सांडू दिला नव्हता. माझा हात काही धजेना. ते सगळं मी पातेल्यात ओतलं आणि त्यातच मटण शिजवलं. बाबांनी एक घोट घेतला आणि तांब्या जवळ ओढला. "समुद्र कुठनं आनलास?" एवढंच विचारून ते दहीभात जेवले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला गेलो, तर चाचा गिऱ्हाइकाला थांबवून माझ्या कानाशी आले. "मीबी तेच केलं. टाकवंना की रं. चाची कालधरनं बोलंना झालीया."

पुढच्या रविवारी पुन्हा पाणी गुलाबी झालं आणि नेमका चाचांचा फोन आला. "वतलंस का?"

"न्हाई अजून."

"मीबी भांडं धरून हुबा हाय. चल, दोघंबी एकदमच."

आम्ही एकदमच मोरीत ओतलं. मग फोडी धुऊन साध्या पाण्यात शिजवल्या. जेवताना मी मुद्दाम माझ्याच ताटात बघितल्यासारखं केलं. बाबांनी फोड बोटांनी दाबून पाहिली, तोंडात टाकली, बराच वेळ घोळवली. मग स्वतःच डाव घेऊन दुसरी वाढून घेतली. "तुझ्या आईसारखं न्हाई," ते म्हणाले, "पन मऊ हाय." मला इतका आनंद झाला की जेवण सुचेना. चाचांना कळवलं, तर त्यांचा प्रश्न तयार होता: "हाडालगतची खाल्ली का?"

गेल्या वर्षी चाचांचा हात थरथरायला लागला आणि ते कबनूरला लेकीकडे राहायला गेले. दुकान आता त्यांचा पुतण्या बघतो. परवा गेलो तर ओंडक्यावर तुकडा घेऊन त्यानं विचारलं, "किती देऊ?"

"अर्धा किलो," म्हणालो. चाचांची फार आठवण आली. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, "खानार माझे बाबा हायत. दात न्हाईत त्यास्नी."

पुतण्यानं वर बघितलं. ओंडक्यावरचा तुकडा बाजूला सारला आणि टांगलेल्यातला दुसरा काढून घेतला.