सोडून गेलेली मुलं

नागपूरहून आलेली रेणू टिपणीस अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात एकटीच राहायची. सरकारी पैशावर पण खासगी संस्थांनी चालवलेल्या चार्टर शाळांत मुलं खरंच जास्त शिकतात का, यावरची संशोधनं तपासणं हे तिचं काम. एका गाजलेल्या अभ्यासात तिला खोट सापडली. मध्येच शाळा सोडून गेलेली, अभ्यासात कच्ची मुलं त्यात धरलीच नव्हती, म्हणून निकाल चांगला दिसत होता. तिने ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते सांगितलं, पण कोणी मनावर घेतलं नाही.

“सोड ना यार, सगळ्यांनी ॲक्सेप्ट केलंय,” ऑफिसात तिच्यासोबत रोज जेवणारा सौमित्र म्हणाला.

“आणि ती मुलं?”

त्याने डब्याचं झाकण लावलं.

ऑफिसच्या अहवालात तो अभ्यास तसाच उचलून धरला, तेव्हा रेणूने अहवालावरून आपलं नाव काढायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून सौमित्र वेगळ्या टेबलावर बसू लागला.

“काम छान चाललंय गं,” असं आईला फोनवर सांगून तिने एकटीने डबा उघडला.