सुमनचं मेडिकल

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी पेन्शनवर बेंबळीला परतलो होतो. हवालदार, पायदळ. एकाहत्तरच्या लढाईत माइनवर, म्हणजे पेरलेल्या सुरुंगावर, माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. माझ्या सेक्शनचा लान्स नायक माणिक, तामलवाडीचा, मला पाठीवर घेऊन मागं आला. मला ठेवलं आणि दुसऱ्या जखमीसाठी परत गेला. तिथंच तोफेचा गोळा पडला.

त्याची धाकटी बहीण सुमन. पोलिओनं उजवा पाय वाळलेला. दुष्काळी कामावर खडी फोडायलाही मुकादम तिला उभं करीना. शेजारणीच्या मशीनवर मात्र ती झंपर शिवायला शिकली होती. उस्मानाबादला अपंगांसाठी शिवणकामाचं प्रशिक्षण निघालं. जागा एकच उरलेली. मी सुमनचा अर्ज भरला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता केंद्रात साहेबांपुढं हजर व्हायचं होतं.

आता माझी अक्कल बघा! फौजेत मेडिकल बोर्डापुढं कुणी दुखतंय म्हणत नाही. अंगात ताप असला तरी छाती पुढं, "फिट, सर!" मी सुमनची आठ दिवस परेड घेतली. तिची काठी बंद.

"मान वर. पाय ओढू नको."

"दादा, मला बघायला पाव्हणे आले की आई बी असंच चालवायची," ती हसून म्हणाली.

"मग काय, सराव हाय की तुला!"

गुरुवारी ती दारापासून टेबलापर्यंत गेली. पातळ घोळदार, चाल सरळ. मला टाळी वाजवावीशी वाटली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई तर ठणठणीत आहेत. जागा अपंगांसाठी आहे. पुढचं नाव घ्या."

सुमनचं तोंड एवढंसं झालं. शिपाई दुसरं नाव पुकारायला वळला.

"थांबा, सर!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "चूक माझी. लंगडणं लपवायला म्याच शिकवलं तिला."

"का?"

मी खुर्चीत बसलो, विजार वर केली, पट्टे सोडले अन् माझा लाकडी पाय साहेबांच्या फायलींवर ठेवला.

"फौजी खोड, सर. आमी सगळे लपवतो."

सुमननं पातळ जरा वर उचललं. काटकुळा पाय दिसला. साहेब वरमले, पण लगेच सावरले.

"मग मशीन कसं चालवणार? इथं सगळी पायमशीनं आहेत."

"एका पायानं," सुमन म्हणाली. "दावू का?"

फायली बांधायचा लाल रुमाल कडेला फाटला होता. तिनं तोच उचलला अन् कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. खडखड, खडखड! काय चालवलं मशीन, राव! मी टेबल धरून एका पायावर उभा, अन् ओरडतोय, "शाब्बास! चल, चल, थांबू नको!" फौजेत सामना जिंकल्यावर सुद्धा मी इतका ओरडलो नव्हतो.

साहेबांनी शिवण दोन्ही हातांनी ताणली. उसवली नाही. ते हसले अन् पेन उघडलं.

"घेतलं बाईंना. शिफारस कुणाची लिहू? हवालदारसाहेब, तुमची?"

"न्हाय, सर. लिहा, लान्स नायक माणिक. हिचा भाऊ."

त्यांनी नाव लिहिलं. "सही करायला कधी येतील?"

मी खुर्चीत बसून पायाचे पट्टे बांधायला लागलो. सुमनच म्हणाली, "लढाईत गेला, साहेब."

साहेब उठून उभे राहिले. कागद त्यांनी माझ्याकडं सरकवला. माणिकच्या नावाखाली 'करिता' लिहून मी सही केली. तो असता तर त्यानं स्वतःच केली असती.