हे पाळलेलं नाही, हे असतं

थोरल्या भावाच्या हृदयाला पंप बसवल्यापासून आमच्या घरात दोघांनाच मान आहे: दादाला आणि इन्व्हर्टरला. पंप आत असला तरी त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या पिशवीतल्या बॅटरीला जोडलेली असते. जन्मभर होडीवर तांडेल म्हणून खलाशांवर ओरडलेला माणूस आता झोपताना मोबाइलसारखा चार्जिंगला लावावा लागतो.

वायर बाहेर येते तिथलं ड्रेसिंग माझ्याकडे. मुंबईला जाऊन शिकलो होतो. मास्क, हातमोजे, दार बंद, पंखा बंद. वहिनी म्हणायची, "भावोजी, सत्यनारायणाला पण एवढं सोवळं नसतं हो." मी आतल्या आत फुगायचो.

एवढ्या सोवळ्यातून जखम चिघळली. पू आला, कणकण आली. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, जंतू वायरीवरून आत पोचले तर पंप काढून धुऊन परत बसवता येत नाही. माझी फुशारकी जागच्या जागी उतरली.

पुवाचा रिपोर्ट आला, त्यात भलताच जंतू. बाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "हा सहसा मांजराच्या तोंडात सापडतो. घरात मांजर आहे?"

"नाही."

"नक्की? फॉर्मवरही पाळीव प्राणी नाहीत असंच लिहिलंय."

"मीच भरलाय तो," मी ऐटीत म्हणालो.

"मग तुमच्या भावाच्या मांडीवर ते काय आहे?"

मी वळून पाहिलं. बॅटरीची पिशवी जरा कोमट असते, तिच्यावर अंगाचं वेटोळं करून ते झोपलं होतं.

"हे होय? हे पाळलेलं नाही. हे असतं."

आता हे मुंबईला कसं पटवायचं? मासळीच्या घरात मांजर असायचंच. त्याला नाव नाही, वाटी नाही. बांगड्याची डोकी टाकली की येतं आणि मग जायचं विसरतं.

"चाटतं का ते?" बाईंनी विचारलं.

"तसं रोज नाय," दादा म्हणाला. "हा ड्रेसिंग करून बाहेर गेला की येतं. पट्टीच्या कडेनं चाटतं. परवा वायर चावून बघितलीन. गुदगुल्या होतात."

"आणि तू बोलला नाहीस?" मी किंचाळलो.

"तू त्याला हाकललं असतंस, मेल्या."

त्याच दिवशी दादाला गाडीत घातलं आणि मुंबई गाठली. घाटात प्रत्येक वळणावर मी त्याच्या कपाळाला हात लावत होतो आणि तो माझा हात झटकत होता. मुंबईत औषध बदललं, सलाईनमधून दिलं. जंतू पंपापर्यंत पोचले नव्हते, हे कळायला बरेच दिवस गेले. तेवढ्या दिवसांत मी कुणाशी एक शब्द शहाणपणाचा बोललो नाही.

घरी सोडताना बाई म्हणाल्या, "एकच काय ते ठेवा. मांजर नाहीतर पंप."

दादा विचारात पडला. चांगला पडला.

"अहो, विचार कसला करताय?" वहिनी ओरडली.

होडी विकताना केलं होतं तसंच तोंड करून तो म्हणाला, "पंप."