कौसाबाईची ओळ

मी भिंगारची. इलेक्ट्रॉनिक्स शिकले, साऊंड रेकॉर्डिंग करते. रिकाम्या खोलीत आवाज आला तर मी आधी वायर तपासते. असले अनुभव वाचून आजवर हसलेच आहे... आता स्वतःच लिहायला बसलेय, आणि खरं सांगते, लिहितानाही अंगावर काटा येतोय. भीतीचा नाही — आनंदाचा!

गेल्या हिवाळ्यात आम्ही एक लाइव्ह अल्बम करत होतो. जात्यावरच्या ओव्या, आणि त्यांच्यामागे माझ्या सिंथवरचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरचे, संथ, तालाशिवाय पसरत जाणारे सूर — अँबियंट म्हणतात ते. गाणार होत्या सरूबाई. जामखेड तालुक्यातल्या त्यांच्याच गावात, शाळेच्या पटांगणात, सकाळच्या उन्हात, सगळ्या गावासमोर.

अडचण एकच. त्यांची सगळ्यात गोड ओवी, सीना नदीवरची, त्या आणि धाकटी बहीण कौसाबाई मिळून गायच्या. थोरलीनं विचारायचं, धाकटीनं उत्तर द्यायचं. पण घरातल्या एका लग्नात रुसवाफुगवा झाला आणि दोघींचं बोलणंच तुटलं. धाकटीच्या ओळी सरूबाईंना काही केल्या आठवेनात. फोन करून विचारा म्हटलं, तर म्हणाल्या, ती ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलीय, आणि आधी बोलायची ती मी न्हाई. शेवटी ठरलं — त्या आपली ओळ गातील, उत्तराच्या जागी नुसता सिंथ वाजेल.

कार्यक्रम मस्त रंगला. शेवटी ती ओवी आली. सरूबाईंनी आवाज लावला —

"सीनेच्या वाळूमंदी, कुनाचं पाऊल गं?"

आणि थांबल्या. मी सूर धरून ठेवला... तेवढ्यात हेडफोनमध्ये बाईचा आवाज. जरा धाप लागलेला, पण अगदी सुरात —

"माझ्या आईचं पाऊल, मला लागली चाहूल गं..."

मला वाटलं, चला, आठवलं यांना! वर पाहिलं तर सरूबाईंचे ओठ मिटलेले. आवाज मोठ्या स्पीकरमधूनही येत होता. लोक माना वळवून इकडेतिकडे बघत होते. सरूबाई ताडकन उठल्या आणि समोरच्या बायकांमध्ये शोधू लागल्या.

"कौशे, कुठं हायेस गं?"

कौसाबाई तिथे नव्हत्याच.

मग सरूबाईंनी पिशवीतून मोबाईल काढला, चालू केला आणि उभ्या उभ्या बहिणीला फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडून कोयत्यांचे आवाज येत होते. सरूबाईंनी तोंड उघडायच्या आधीच कौसाबाईंनी विचारलं,

"आक्का, आत्ता गाता गाता मधीच का थांबली व्हतीस?"

मग दोघी रडत काय होत्या, हसत काय होत्या! कौसाबाईंनी सांगितलं ते असं — उसाची मोळी बांधत असताना आक्काचा आवाज कानाशी आला, आणि सवयीनं त्यांनी उत्तर गायलं. ही एकटीच कुणाशी गातेय म्हणून टोळीतल्या बायका हसल्यासुद्धा.

घरी आल्यावर मी सगळे ट्रॅक तपासले. ती ओळ सरूबाईंच्याच माइकवर आहे. माइक वायरचा, म्हणजे हवेतून दुसरा आवाज पकडायचा प्रश्नच नाही; फोन तोवर पिशवीत बंद. नीट ऐकलं तर आवाजामागे उसाच्या पाचटाची सळसळ येते... आणि त्या गावच्या शिवारात पाण्याअभावी ऊस होतच नाही. माझ्याहून जाणत्या रेकॉर्डिंगवाल्यांना ऐकवलं. त्यांनीही ती ओळ पुन्हा पुन्हा लावून ऐकली.

कसं झालं, मला अजून माहीत नाही. हंगाम संपल्यावर कौसाबाई गावी परतल्या त्या थेट बहिणीकडेच. अल्बमवर आम्ही दोघींची नावं छापली आहेत. खाली 'लाइव्ह' असंही लिहिलंय — ते लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.